कोठ्याच्या भिंतीवरच्या रेघा

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातलं, २०२४ च्या खरिपातलं. घरच्यांना विचारून लिहिते आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं आणि काही खुणा गाळल्या आहेत. मी गावपातळीवर तरुणांना आणि बचत गटातल्या बायांना समुपदेशनाचे पहिले धडे देते, आणि गरज पडली तर घरी जाऊन बसते.

घरात तिघं. बाबा साठीचे, माय त्यांच्याहून थोडी लहान, आणि एकोणतीस वर्षांचा मुलगा. मुलगी शेजारच्या तालुक्यात दिलेली. सहा एकर वावर, त्यात कपाशी आणि तुरीच्या ओळी, एका तुकड्यात सोयाबीन. कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, एक बैलजोडी. मुलगा तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्राच्या, म्हणजे खतं-औषधांच्या दुकानाच्या, काउंटरवर काम करतो. सकाळी नऊला निघतो, रात्री आठच्या सुमारास परततो.

या घरात आरडाओरडा कधी झाला नव्हता. पण दोन वर्षांपासून बापलेकाचं बोलणं मायमार्फत चालत होतं. "त्याले सांग, युरिया आणाचा हाय." "बाबाले विचार, किती थैल्या?" दोघं एकाच सपरीत, चार हातांवर बसलेले असायचे.

अडचण

मुलाला बैलजोडी विकायची होती. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. कुटार, ढेप, वर्षभराची राखण, आणि काम किती दिवसांचं? ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो. बाबा नाही म्हणत नव्हते आणि होही म्हणत नव्हते. "तुले जे कराचं ते कर" एवढंच. आपल्याकडे ज्या घरात हे वाक्य ऐकू येतं, तिथे त्याचा अर्थ 'हो' असा कुणीच घेत नाही. मुलानं मात्र तो तसाच घेतला. जूनमध्ये, पेरणी आटोपल्या आटोपल्या, तो एका व्यापाऱ्याला घरी घेऊन आला. बाबांनी बैल सोडले, वावराकडे निघून गेले, अंधार पडल्यावर परतले आणि न जेवता झोपले.

दोन दिवसांनी माय बचत गटाच्या बैठकीनंतर माझ्याजवळ थांबली. म्हणाली, "ताई, दोघंबी माझ्यासंगच बोलतात. मी का टेलिफोन हाओ का?" हे वाक्य मी तेव्हा ऐकलं, वहीत लिहून घेतलं आणि पुढे निघाले. त्याची किंमत मला नंतर कळली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे रात्री जेवायला थांबले. मुद्दाम काहीच विचारलं नाही, फक्त पाहिलं. जेवण वीसेक मिनिटं चाललं असेल. तेवढ्यात बाबांनी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वाक्यं अर्धी राहिली. एक मी तसंच टिपून ठेवलं आहे. बाबा म्हणाले, "धुऱ्याकडची पराटी..." आणि मुलगा ताटातून मान वर न काढता म्हणाला, "मॅग्नेशियम कमी पडून रायलं, उद्या आणतो." बाबांनी भाकरीचा तुकडा ठेशात बुडवला. धुऱ्याकडच्या पराटीबद्दल, म्हणजे बांधालगतच्या कपाशीबद्दल, त्यांना काय सांगायचं होतं, ते अजूनही मला माहीत नाही.

मुलगा उद्धट नव्हता, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. बापावर त्याचा जीव होता. पण दिवसभर काउंटरवर तो हेच काम करत असे. शेतकरी "पानं..." म्हणाला की याचा हात मागच्या फळीवरच्या बाटलीकडे गेलेला असायचा. लवकर उत्तर देणं हीच त्याच्या लेखी मदत होती, आणि घरीही तो तीच करत होता.

समोर असलेले पर्याय

मायचं म्हणणं होतं, तिच्या भावाला बोलवावं. मामानं बसवून मिटवणं ही आपल्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे. वाटणी, धुरा, देणंघेणं यांत ती चालते, कारण तिथे दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं माहीत असतं. इथे एका बाजूनं म्हणणं मांडलंच नव्हतं. चार माणसांत मामाच्या शब्दाखातर बाबा 'हो' म्हणाले असते, बैल गेले असते, आणि जे आत होतं ते आतच राहिलं असतं. म्हणून हा पर्याय आम्ही बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय म्हणजे मीच बाबांशी बोलायचं. बाहेरच्या माणसाजवळ पुष्कळदा मन लवकर मोकळं होतं, त्यामुळे मोह होता. पण मग मी या घरातला दुसरा टेलिफोन झाले असते.

तिसरी गोष्ट पर्यायाची नव्हती, करायलाच हवी होती. गप्प झालेला, जेवण टाकणारा साठीचा शेतकरी, तोही यवतमाळात. अशा वेळी 'बापलेकाचा रुसवा' म्हणून पुढे जाता येत नाही. आधी कान पाहिले. पाठीमागून, हळू आवाजात बैलाच्या खुराबद्दल बोलले, तर बाबांनी लगेच मान वळवली. मग झोप, भूक, कामात लक्ष लागतं का, हे विचारलं. झोप तुटक होती, बाकी ठीक होतं. शेवटी सरळ विचारलं, "जगणं नको असं मनात येतं का, बाबा?" असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही समजूत खरी नाही. उलट विचारल्यावर माणसाला बोलायला वाट मिळते. बाबा माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "तसं नाई ताई. जोडी सोडून मी कुठी जातो?" तरीही प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा दाखवून आणलं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मायच्या फोनमध्ये टाकून दिला.

चौथा पर्याय, जो आम्ही धरला, तो मुलाला ऐकायला शिकवण्याचा. तो सगळ्यांत सावकाश जाणारा होता. मुलगा आधी म्हणाला, "ताई, बाबा बोलतच नाईत, तं मी ऐकू काय?" मी त्याला जेवणाच्या रात्रीची चार अर्धी वाक्यं वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "हे सगळे मीच तोडले?" त्या प्रश्नावरून मला वाटलं, हा शिकेल.

साध्या माणसाला ऐकणं शिकवता येतं, यावर माझा विश्वास आपल्याच भागातल्या कामामुळे बसला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. त्यात गावातल्याच माणसांना नैराश्य ओळखायला, धीरानं ऐकायला आणि पुढची वाट दाखवायला शिकवलं होतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आमचं प्रकरण आजाराचं नव्हतं, पण आधी ऐकावं लागतं हे दोन्हीकडे सारखंच.

काय केलं

पहिला निर्णय असा की सराव घरी सुरू करायचा नाही. घरात प्रत्येक शब्दाला दोन वर्षांचं ओझं होतं. म्हणून मुलानं काउंटरवर सराव करायचा. नियम एकच: फळीकडे वळण्याआधी दोन प्रश्न विचारायचे, आणि तेही असे की ज्यांचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक नाही. "मावा आहे ना?" हा प्रश्न नव्हे, कारण त्यात उत्तर भरलेलं आहे. "कुठून सुरू झालं?" हा प्रश्न.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्यानं मला फोन करून सांगितलेली गोष्ट मला फार आवडते. एक शेतकरी आला, "पराटी पिवळी पडून रायली." नेहमीप्रमाणे सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली पुढे गेली असती. यानं विचारलं, "कुठून सुरू झाली, काका?" "नाल्याच्या बाजूनं." "मंग?" "मंग काय, तिथं खोलगट हाय. आठ दिवसापासून पाय फसते." पाणी साचून मुळं गुदमरत होती. त्यानं चर काढून पाणी बाहेर काढायला सांगितलं आणि बाटली दिली नाही. मालक त्या दिवशी थोडा नाराज झाला. तो शेतकरी मात्र पुढच्या आठवड्यात दोन गावकऱ्यांना घेऊन परत आला.

घरचा सराव मात्र पहिल्याच दिवशी फसला, आणि त्याचा दोष माझा. 'सक्रिय ऐकणं' या नावानं जे तंत्र जगभर शिकवलं जातं, ते कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ साली शिकागोत एका पुस्तिकेत मांडलं. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगावं, म्हणजे आपल्याला कळलं की नाही ते तपासता येतं, हा त्यातला मोलाचा भाग. मी तो मुलाला प्रशिक्षणाच्या कागदावर होता तसाच शिकवला. त्यानं रात्री सपरीत बाबांना म्हटलं, "म्हणजे बाबा, तुम्हाला असं वाटतं की मला बैलांची काळजी नाही." बाबा उठलेच. "म्या असं कुठी म्हटलं? मास्तरावानी काऊन बोलून रायला?"

दुसऱ्या दिवशी मुलाचा आवाज पडला होता. मी पुन्हा विचार केला. वऱ्हाडी बोलीत असं वाक्य कुणी बापाला म्हणत नाही. ते पुस्तकी होतं, वर त्यात बापाच्या मनातलं ओळखल्याचा दावा होता. मग मला आजी आठवली. रात्री गोष्ट सांगताना तिला आमचा हुंकार लागायचा. "हूं" म्हटलं नाही तर ती थांबायची, झोपलात का विचारायची. आपल्याकडे ऐकणाऱ्याला काम नेमून दिलेलं होतंच. त्याचं नाव हुंकारा.

म्हणून कागद बाजूला ठेवला आणि तीनच गोष्टी ठरवल्या. बाबा बोलले की "हं" किंवा "हाव". थांबले की त्यांचेच शेवटचे एकदोन शब्द परत म्हणायचे, आपले नाही. आणि त्याहून जास्त थांबले तर "मंग?" बस्स. सल्ला द्यायचा असेल तर दुसऱ्या दिवशी, आणि आधी विचारून.

आणखी एक बदल केला. प्रशिक्षणात आपण समोरासमोर बसा, डोळ्यांत पाहा असं सांगतो. साठीचा बाप आणि एकोणतीसचा पोरगा समोरासमोर बसून एकमेकांच्या डोळ्यांत पाहत बोलतील, हे आपल्या घरांत होत नाही. झालंच तर ती झाडाझडती वाटते. पण एका कामाला चार हात लागले की जीभ सैल होते. म्हणून ठरलं, मुलानं परतल्यावर मोबाइल घरात ठेवून कोठ्यात जायचं. कुटार टाकायचं, शेण ओढायचं, बोलणं निघालं तर निघालं. पहिले नऊ दिवस काहीच निघालं नाही. दहाव्या दिवशी बाबा म्हणाले, "डाव्याले गोचीड झाले." मुलगा म्हणाला, "गोचीड झाले." त्याला औषध माहीत होतं, दुकानात होतंही. तो बोलला नाही. बाबांनी पुढे पंधरा मिनिटं त्या बैलाची कथा सांगितली, तो गोऱ्हा कुठून आणला इथपासून.

पोळ्याची आदली संध्याकाळ

पोळा २ सप्टेंबरला होता. आदल्या दिवशी खांद शेकायची. मी त्या वेळी तिथे नव्हते. पुढचं मुलानं सांगितलं आणि नंतर बाबांनी दुजोरा दिला.

बाहेर पाऊस होता. बाबा हळद आणि तूप घेऊन बैलाच्या खांद्यावरून, जू बसतं त्या घट्ट्यावरून, पळसाचं पान फिरवत होते. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं म्हणून झालं. मुलगा कंदील धरून उभा होता, वीज गेली होती. उजेड भिंतीवर पडला तसं त्याला दाराशेजारी कोळशानं ओढलेल्या रेघा दिसल्या. चार उभ्या, एक आडवी, असे गठ्ठे. दोन वर्षं तो त्या पाहत होता आणि दुधाचा जुना हिशेब असेल असं समजत होता.

"ह्या रेघा कायच्या, बाबा?"

बाबा बराच वेळ पान फिरवत राहिले. मुलगा सांगतो, तेव्हा त्याच्या तोंडात तीन वेळा काहीतरी आलं आणि तीन वेळा त्यानं ते गिळलं. मग बाबा म्हणाले, "सदतीस झाल्या."

"सदतीस झाल्या."

"हाव. अजून लय बाकी हाय."

"मंग?"

मग निघालं ते असं. २०२२ मध्ये मुलीच्या बाळंतपणात ऐनवेळी सिझेरियन करावं लागलं, खासगी दवाखान्यात. जावयाकडे पैसे नव्हते. बाबांनी गावातल्या एका जवळच्या माणसाकडून ४०,००० रुपये हातउसने घेतले, कागद नाही, व्याज नाही. बोली अशी की बाबांनी आपल्या जोडीनं त्याच्या वावरात वखरणी आणि डवरणी करून ते फेडायचे. एक दिवस, एक रेघ. मुलीची सासरी मान खाली जाऊ नये म्हणून घरात कुणाला सांगितलं नव्हतं, मायलाही नाही. बैल विकले की बोली मोडणार, पैसे एकरकमी द्यावे लागणार, आणि लेकीची गोष्ट चव्हाट्यावर येणार. "तुले जे कराचं ते कर" या वाक्याच्या मागे हे सगळं दोन वर्षं उभं होतं.

मुलाला लगेच म्हणावंसं वाटलं, उद्या कर्ज काढून फेडतो. तो म्हणाला नाही. त्यानं दुसऱ्या बैलाच्या बाजूला कंदील धरला. मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यांत कठीण निर्णय तोच. बाबांनी दोन वर्षं उचललेलं ओझं त्या क्षणी त्यांच्या हातातून हिसकावून घेणं सोपं होतं, आणि तसं केलं असतं तर बाबा पुन्हा गप्प झाले असते, असं मला वाटतं.

चार दिवसांनी मुलानं विचारलं, "बाबा, त्या रेघांचं मी काई सुचवू का?" बाबा म्हणाले, "बोल."

निष्पत्ती

त्या हंगामात बैल विकले नाहीत. दिवाळीनंतर कापूस निघाला. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. गावात येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या खेडा खरेदीत त्याहून बराच कमी मिळत होता, म्हणून थांबून, ओलावा उतरू देऊन कापूस सरकारी खरेदीला नेला. नेहमी घाई करणारा मुलगा थांबला, आणि थांबायचं बाबांनी सांगितलं होतं. आलेल्या पैशातून उसनवारीची राहिलेली बाकी दिली. बाबांनी रेघा पुसल्या नाहीत.

एप्रिलमध्ये जोडी विकली गेलीच. ऐकलं म्हणून बैल वाचले, असं या प्रकरणात झालेलं नाही. फरक एवढाच की बाबा स्वतः दोर धरून बाजारात गेले, दोन गिऱ्हाइकं परत पाठवली आणि ज्याच्या हातात काठी नव्हती त्याला बैल दिले. पैसेही थोडे कमी घेतले. मुलगा सोबत होता. परत येताना काय बोलले विचारलं, तर म्हणाला, "काई नाई ताई, चूपच होतो. पण बरं वाटलं."

बापलेक आता सगळं बोलतात असंही नाही. मुलगा दमून आला की अजूनही वाक्य तोडतो. बाबा आता थांबतात आणि म्हणतात, "होऊ दे माझं." दोन वर्षांपूर्वी ते असं म्हणाले नसते.

आज वेगळं काय केलं असतं

कागदी वाक्य शिकवायची चूक वर सांगितलीच. बोलीभाषेतला हुंकारा मी पहिल्या दिवसापासून वापरायला हवा होता. आठवडा वाया गेला, शिवाय मुलाचा धीर खचता खचता राहिला.

आरोग्य केंद्रात बाबांना नेताना मुलाला सोबत नेलं असतं तर बरं झालं असतं. मी मायला नेलं, कारण ती मोकळी होती. तिला अडीच तास रांगेत बसावं लागलं आणि त्या दिवसाची निंदणाची मजुरी बुडाली.

इथेच माझी मोठी चूक दिसते. सगळ्या प्रकरणात मी मायला निरोप्याचंच काम देत राहिले. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी टेलिफोन हाओ का. मी ते बापलेकाच्या अडचणीचं वर्णन समजले, आणि ती मात्र स्वतःबद्दल सांगत होती. नवऱ्यानं लेकीच्या बाळंतपणाचं कर्ज आपल्यापासून दोन वर्षं लपवलं, हे तिला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाकडून कळलं. आपल्याच लेकीचं! तिला काय वाटलं, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. बापलेक बोलायला लागल्याच्या आनंदात मीही विचारलं नाही.

जानेवारीत तुरी सोंगून झाल्यावर मी पुन्हा गेले. माय अंगणात एकटीच सुपात तूर पाखडत होती. मी बसले, वही काढली, म्हटलं, "तुमचं राहून गेलं, मावशी." तिनं सूप खाली ठेवलं नाही. दाणे वर जात होते, फोल उडत होतं.

"ते वही ठेवा पिशवीत," ती म्हणाली. "मी सांगतो ते लिऊन नका घेऊ."

मी वही ठेवली. ती आणखी बराच वेळ पाखडत राहिली. मग म्हणाली, "पोरगी झाली त्या रात्री मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो..."

"बसलो होतो," मी म्हटलं.

पुढचं तिनं लिहू नको म्हटलं आहे.